समजुती व मानवी वर्तन

व्यक्ती जे सत्य, योग्य वा हितकर मानते ते आणि ती प्रत्यक्षात जे करते ते, यांतील परस्परसंबंध. समजुतीप्रमाणे वर्तन घडते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तथापि हा संबंध तितका सरळ नाही. रिचर्ड ला पियरे या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला. २५१ उपाहारगृहे व निवासगृहे यांपैकी एकाच ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. पुढे पत्राने विचारणा केली असता, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक चालकांनी चिनी ग्राहक घेणार नाही, असे कळविले (१९३४). दारात उभा असलेला माणूस व कागदावरचे वंशनाम यांना मन एकसारखा प्रतिसाद देत नाही.

याउलट प्रकार, म्हणजे मत उदार पण कृती मागे, कुष्ठरोगाच्या बाबतीत विशेष आढळतो. वर्धा जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे वा तो आनुवंशिक आहे, अशा समजुतींमुळे रोग्याला घर व गाव सोडावे लागे. हान्सेनने १८७३ मध्ये या रोगाचे जंतू शोधून काढले, तरी बहिष्कार थांबला नाही. विनोबा भावे यांचे अनुयायी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवा सुरू केली. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री हे रोगग्रस्त अवस्थेत सेवाग्राम आश्रमात आले. येरवड्याच्या तुरुंगापासून म. गांधी त्यांना ओळखत होते. आश्रमात त्यांच्यासाठी निराळी कुटी बांधण्यात आली व गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालिश करीत. संसर्गाची शक्यता येथे नाकारलेली नव्हती. कुटी निराळी होती ती त्यामुळेच. समान माहितीतून तिरस्कार व सेवा ही दोन्ही वर्तने संभवतात, हे यावरून दिसते. माहितीला मूल्यनिष्ठेची जोड मिळते की भीतीची, यावर बरेच अवलंबून असते.

वर्ध्यातच मुख्यालय असलेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने (स्थापना १९५१) सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिविध कार्यपद्धती अवलंबिली. उपचाराच्या बरोबरीने शिक्षणाला स्थान देण्यामागील कारण उघड आहे : कलंकाच्या भयाने रोगी चट्टा लपवितो, विलंबाने विकृती येते आणि ती विकृती पाहून मूळ समजूत अधिकच दृढ होते. समजुतीने घडविलेले वर्तन असे त्याच समजुतीचा पुरावा निर्माण करते. १९८० नंतर बहुविध औषधोपचार उपलब्ध झाले. भारतात ज्या थोड्या जिल्ह्यांत ते आरंभी सुरू झाले, त्यांत वर्धा होता. उपचार सुरू होताच संसर्गक्षमता झपाट्याने नष्ट होते. तरीही ‘हा रोग बरा होतो’ हे मान्य करणारे कुटुंब बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी सोयरीक करण्यास कचरते. फिशबाइन व आयझेन (१९७५) यांच्या सिद्धांतानुसार कृतीचा हेतू ठरताना स्वतःच्या मताइतकेच, ‘चार लोक काय म्हणतील’ या अपेक्षेलाही महत्त्व असते. कायदाही येथे मागेच राहिला : कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये.

वर्तन आधी बदलून समजूत मागाहून बदलते, असेही घडते. लिऑन फेस्टिंगरने (१९५७) मांडलेल्या बोधात्मक विसंवादाच्या उपपत्तीप्रमाणे मत व कृती यांतील विसंगती मनाला अस्वस्थ करते. झालेली कृती मागे घेता येत नसल्याने मतच तिच्याकडे झुकते. जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, तेव्हा सर्व भाविकांचे मतपरिवर्तन होण्याची वाट पाहिली नव्हती. खुद्द गांधीजींची भूमिकाही स्थिर नव्हती. वर्णाबाहेरील विवाहावरील निर्बंधांचे एके काळी समर्थन करणाऱ्या गांधीजींनी, वधूवरांपैकी एक हरिजन असल्यासच सेवाग्रामला विवाह होईल, अशी अट १९४६ मध्ये घातली. अस्पृश्यतानिवारणाच्या प्रत्यक्ष कार्यात घालविलेली मधली वर्षे या बदलाच्या मुळाशी आहेत.