गाण्याची वहिवाट

आकाशवाणीवर भावगीत लागण्यापूर्वी कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे उच्चारली जातात, आणि ती ऐकण्याची सवय जडलेल्या मराठी कानाला एका गाण्यावर तिघांचा हक्क असतो हे निराळे सांगावे लागत नाही. रॉक संगीताच्या रसिकांत मात्र, विशेषतः बीटल्सनंतरच्या पिढीत, असा समज दृढ झाला की आपले गाणे जो आपणच रचतो तोच काय तो खरा कलावंत, आणि परक्याचे गाणे गाणारा हा फार तर त्याचा मुखत्यार. विजेची गिटार, बास, ड्रम आणि एक कंठ एवढ्या बेताच्या सामग्रीवर उभे राहिलेले हे संगीत ज्या ब्लूजमधून निघाले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे गाणे तर पिढ्यान्‌पिढ्या एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलेले. तेव्हा हा समज मला मूळ परंपरेशीच विसंगत वाटतो. माझ्या आवडीच्या गायकांची यादी करावयास बसलो की तिच्यात बहुतेक नावे अशांची निघतात, ज्यांनी दुसऱ्याच्या खात्यावरील गाण्यात शिरून तेथे अशी वहिवाट पाडली, की मूळ मालकाला आपली सनद काढून दाखवण्याची पाळी यावी.

पहिले नाव जॅनिस जॉप्लिनचे. टेक्सासमधील पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावी ती १९४३ साली जन्मली आणि १९७० च्या ऑक्टोबरात, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस येथे मादक द्रव्याच्या अतिसेवनाने मरण पावली. ज्या गाण्यांनी ती स्मरणात राहिली त्यांतील बहुतेक तिची नव्हेत. ‘पीस ऑफ माय हार्ट’ रचले जेरी रॅगोव्हॉय आणि बर्ट बर्न्स यांनी, आणि १९६७ साली ते प्रथम गायिले अरेथा फ्रँकलिनची थोरली बहीण अर्मा हिने. अर्माचे गायन संयत आहे. प्रियकराला खडे बोल ऐकवतानाही ती स्वराची मर्यादा सोडीत नाही. पुढच्याच वर्षी जॅनिसने हे गाणे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या, वादनात काहीशा ओबडधोबड अशा मंडळींसह मुद्रित केले. तिचा स्वर वर चढता चढता चिरतो, चिरलेल्या स्वरातून एकाच वेळी दोन स्वर निघाल्याचा भास होतो, आणि शब्दातील याचना कोठे संपली व आव्हान कोठे सुरू झाले याचा थांग लागत नाही. गोड गळा हीच गायनाची पहिली अट मानणाऱ्याला हे गायन असह्य होईल, हे मला मान्य आहे. माझ्यापुरते म्हणाल तर तो चिरलेला स्वरच त्या गाण्याचा खरा अर्थ आहे.

१९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जो संगीतमहोत्सव झाला, त्यात ‘बॉल अँड चेन’ गाऊन जॅनिस एका दिवसात प्रसिद्धीस आली. हे गाणे बिग मामा थॉर्नटन या ब्लूज गायिकेचे. येथे एक जुना हिशेब सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘हाउंड डॉग’ हे गाणे थॉर्नटनबाईंनी १९५२ साली मुद्रित केले आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांत ते तुफान चालले. १९५६ साली एल्विस प्रेस्लीने तेच गायिले, आणि जगाच्या दफ्तरी ते त्याच्या नावावर चढले. एल्विसचा हा कब्जा मी मानीत नाही. एका बाईने निलाजऱ्या पुरुषाला घराबाहेर काढावे असा जो त्या गाण्याचा मूळ भाव, तो त्याच्या तोंडी निरर्थक होऊन केवळ ठेका उरला. जॅनिस थॉर्नटनबाईंचे गाणे घेते तेव्हा मूळ वेदना जशीच्या तशी ठेवून तिच्यात आपली भर घालते, आणि आपण कोणाकडून काय घेतले हे ती विसरतही नाही. थोर गायिका बेसी स्मिथ १९३७ साली वारल्यापासून तिच्या थडग्यावर शिलालेखदेखील नव्हता, तो बसवण्यासाठी १९७० साली पैसे देणाऱ्यांत जॅनिस होती.

जो कॉकरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचे एकच गाणे या यादीत येते. बीटल्सनी ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे रिंगो स्टारसाठी, त्याच्या मर्यादित आवाजाला पेलेल असे, हसतेखेळते रचले. शेफील्ड शहरी गॅस जोडणीचे काम शिकलेल्या कॉकरने १९६८ साली त्याची लय संथ केली, मागे स्त्रियांच्या आवाजांचा कोरस उभा केला, आणि मित्रांच्या आधाराचे ते खेळकर वाक्य बुडत्या माणसाची हाक झाले. पुढल्या वर्षी वुडस्टॉक येथील संगीतमहोत्सवात हात वेडेवाकडे हालवीत त्याने ते गायिले, त्याचे चित्रीकरण अवश्य पाहावे. मूळ गाण्यात हे सारे होते का, असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येणार नाही.

जिमी हेंड्रिक्सला लोक गिटारवादक म्हणून ओळखतात, आणि स्वतः त्यालाही आपल्या आवाजाचा संकोच वाटे. परंतु बॉब डिलनचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ त्याने ज्या तऱ्हेने गायिले, त्यात कंठ आणि वाद्य यांची फारकत करता येत नाही. डिलनचे मूळ ध्वनिमुद्रण १९६७ च्या डिसेंबरअखेरीस प्रसिद्ध झाले: साधी गिटार, माउथ ऑर्गन, आणि संकटाची वार्ता शांतपणे सांगणारा एक कोरडा आवाज. १९६८ च्या जानेवारीतच हेंड्रिक्सने लंडनमध्ये ते आपल्या पद्धतीने मुद्रित करावयास घेतले, आणि ज्या वादळाची डिलनने केवळ सूचना दिली होती ते येथे प्रत्यक्ष कोसळले. नवल पुढेच आहे. डिलन स्वतः हे गाणे रंगमंचावर हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला, आणि त्याच्या जाहीर कार्यक्रमांत सर्वांत अधिक वेळा गायिले गेलेले गाणे हेच होय. मालकाने आपल्याच शेतात कूळ म्हणून राबावे असा हा प्रकार!

रॉकमधील माझे सर्वांत आवडते गायन मात्र शब्दहीन आहे, आणि ते करणारी बाई पिंक फ्लॉइडच्या मंडळींपैकी नव्हतीच. ही मंडळी १९७३ च्या आरंभी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मुद्रित करीत असता त्यांच्यापैकी रिक राइटच्या पियानोवरील एका रचनेवर कोणाचा तरी आवाज हवा होता; म्हणून क्लेअर टॉरी या तरुण व्यावसायिक गायिकेला एका रविवारी बोलावण्यात आले. तिने काही शब्द घालून पाहिले, तेव्हा शब्द नकोत असे सांगण्यात आले. मग आपण गायिका नसून वाद्य आहोत अशी कल्पना करून ती गायली. आक्रोश, थकवा, पुन्हा उसळी, आणि अखेरीस मृत्यूशी तडजोड केल्यासारखे मंद होत जाणारे स्वर. आलापीची आवड असणाऱ्या आपल्याकडील श्रोत्याला रॉकचा उंबरठा ओलांडावयाचा असेल तर ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ हाच माझ्या मते सर्वांत जवळचा दरवाजा. तीस पौंड मेहनताना घेऊन ती घरी गेली, आणि हे काही तबकडीवर यावयाचे नाही अशी तिची समजूत होती. ती तबकडी अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत ७०० हून अधिक आठवडे राहिली. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या राइटचे. २००४ साली टॉरीने दावा लावला, पुढल्या वर्षी आपसांत फैसला झाला, आणि तेव्हापासून त्या गाण्यापुढे राइटच्या जोडीला तिचेही नाव छापले जाते. स्वराची वहिवाट कागदोपत्री रुजू होण्यास बत्तीस वर्षे लागली.

आता ‘क्वीन’ या मंडळींचा गायक फ्रेडी मर्क्युरी, ज्याच्या बाबतीत मालक आणि वहिवाटदार सहसा एकच. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेला हा फारुख बलसारा लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहिला; तेथेच त्याचा फ्रेडी झाला, आणि तेथील मुलांच्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवी. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याचे स्वतःचे, सुमारे सहा मिनिटांचे गाणे ऑपेराचा भला मोठा कोरस उभा करते. वस्तुतः तिघांच्याच आवाजांवर आवाज चढवून तो रचलेला आहे, आणि या खटाटोपात ध्वनिफीत झिजून जवळजवळ पारदर्शक झाली होती. गंमत अशी की त्या तबकडीच्या पाठीमागे ड्रमवादक रॉजर टेलरचे मोटारीविषयीचे एक सामान्य गाणे होते, आणि स्वामित्वधन दोहोंना सारखेच मिळाले! अशा कुरबुरी होत होत्या म्हणूनच की काय, १९८९ पासून क्वीनच्या चौघांनी सर्व गाणी चौघांच्या नावे लावण्याचे ठरवले. १९९१ चे ‘द शो मस्ट गो ऑन’ त्यामुळे कागदावर सर्वांचे. मुख्यतः ते लिहिले ब्रायन मे याने, आणि मरणाच्या छायेतील मित्राला इतके उंच स्वर झेपतील की नाही या काळजीत तो होता. फ्रेडीने ते ज्या ताकदीने निभावले ते ऐकल्यावर ते दुसऱ्या कोणी गावे ही कल्पनाच मला सहन होत नाही, आणि मे याने ते मागाहून इतरांकडून गाऊन घेतले हे ठाऊक असूनही होत नाही.

लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लँट या यादीत का नाही, असे स्नेही विचारतात. त्याचा गळा अद्भुत खराच. पण त्याने ब्लूजवाल्यांची गाणी घेतली तेव्हा श्रेय लिहिताना लेड झेपेलिनच्या मंडळींनी जो हात आखडता घेतला, तो माझ्या कानात बोचत राहतो.

हे सारे अजमावून पाहावयाचे असेल तर अर्मा फ्रँकलिनचे गाणे आधी ऐकावे आणि जॅनिसचे मागाहून. उलट क्रमाने ऐकल्यास अर्मा फिकी वाटते, आणि तो तिच्यावर अन्याय होतो. जॅनिसची आवृत्ती रेडिओवर प्रथम कानी पडली तेव्हा हे आपलेच गाणे हे आपल्याला ओळखू आले नाही, असे अर्माने पुढे सांगितले. तथापि १९९२ साली लीव्हायझ जीन्सच्या जाहिरातीत कोणीतरी तिचेच मूळ ध्वनिमुद्रण घातले, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे ते गाणे ब्रिटनच्या पहिल्या दहांत जाऊन बसले.