विज्ञानाचे दप्तर

विज्ञानावर सरकारने किती खर्च करावा, याची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. परंतु झालेला खर्च कोणाच्या सल्ल्याने आणि कोणता पर्याय बाजूस सारून झाला, हे शोधण्यासाठी चार पैसे द्यावेत असे कोणी म्हटले, की ती चैन ठरते. पदार्थविज्ञानाच्या बाबतीत तरी ही चैन नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा या शास्त्राचा इतिहास म्हणजे न्हाणीघरातून धावत सुटलेला आर्किमिडीज, एवढाच होता. विसाव्या शतकात मात्र हे शास्त्र राज्यकारभाराचा विषय झाले. डॉ. होमी भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी साहाय्य मागितले. ते पत्र जपले गेले, म्हणूनच १९४५ साली निघालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेमागील विचार आज आपणांस कळतो. पुढे १९४८ साली अणुशक्ती आयोग व १९५४ साली अणुशक्ती खाते स्थापन झाले आणि या क्षेत्रातील मोठे संशोधन विद्यापीठांच्या बाहेर गेले. हे योग्य झाले काय? डॉ. मेघनाद साहा यांना ते मान्य नव्हते, गुप्तताही मान्य नव्हती. मे १९५४ मध्ये त्यांनी लोकसभेत अणुशक्तीवर चर्चा घडवून आणली. लोकसभेचे कामकाज छापले जाते, म्हणून साहांची बाजू आपणांस वाचावयास मिळते. थोरियमवर भिस्त ठेवणारा तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखताना खात्याच्या आत कोणते मतभेद झाले, कोणती आकडेमोड मांडली गेली, हे मात्र ज्या टिपणांत सापडावयाचे ती अभ्यासकाच्या हाती सहजासहजी पडत नाहीत. १९६२ च्या अणुशक्ती कायद्याने माहिती रोखण्याचे व्यापक अधिकार सरकारला दिले होते. संरक्षणास बाध आणणारे काही उघड करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सत्तर वर्षांपूर्वीचा अंदाजपत्रकी वाद हे काही अण्वस्त्राचे रहस्य नव्हे! आणि कागद खुले झाले तरी ते लावणारी, त्यांची सूची करणारी, त्यांतील पदार्थविज्ञान समजणारी माणसे पगारावाचून मिळत नाहीत.

अमेरिकेत १९६१ साली टॉमस कून यांच्या देखरेखीखाली पुंजवादाच्या प्रवर्तकांच्या मुलाखती घेण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यास तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पैसा दिला. कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांची शेवटची मुलाखत १७ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी बोर वारले. अनुदानाचा अर्ज वर्षभर मेजावर पडून राहिला असता, तर?

तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. त्या वेळी पंचविशीत असलेले तरुण आज नव्वदी ओलांडून गेले आहेत. टाटा संस्थेने आपले अभिलेखागार उभारले, ही समाधानाची गोष्ट. पण एका संस्थेच्या आस्थेवर साऱ्या देशाचे दप्तर सोपविता येणार नाही. केंद्र सरकारने मोठ्या वैज्ञानिक प्रकल्पांच्या खर्चातूनच या कामासाठी एक लहानसा हिस्सा राखून ठेवावा, आणि तो वाटण्याचे काम, ज्यांच्या निर्णयांचा इतिहास लिहावयाचा त्या खात्यांकडे न देता, विद्यापीठांतील इतिहासकार व शास्त्रज्ञ यांच्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावे. मुलाखतींचे काम येत्या वर्षीच सुरू व्हावयास हवे.