आधी हाताने फिरवा

सर्वो ड्राइव्हचा गेन कसा लावायचा, ते आज सांगायचे ठरले होते. तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण कुंभकोणम्‌जवळच्या पट्टीश्वरम्‌हून एका वाचकांचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न गेनच्या आधीचा आहे. त्यांनी जुन्या मिलिंग मशीनचा जळालेला ड्राइव्ह काढून दुसऱ्या बनावटीचा बसवला. मोटर मूळचीच. सर्वो ऑन करताच टेबल सुसाट जाऊन टोकाला आदळले. वायरमनने मोटरच्या दोन फेज बदलल्या. आता टेबल हलत नाही, मोटर नुसती घूं घूं करते आणि ओव्हरलोडचा अलार्म येतो. ते विचारतात, नवा ड्राइव्हच खराब आहे का?

ड्राइव्ह बहुधा चांगला आहे. वायरमनची सवय पंपाची. कावेरीकाठी काय नि पंचगंगेकाठी काय, पंप उलटा फिरला की दोन फेज बदलायच्या, आणि तिथे ते अगदी बरोबर आहे. सर्वोचे तसे नाही. रोटरचे चुंबक या क्षणी कुठे आहे ते एन्कोडर सांगतो आणि ड्राइव्ह त्या हिशेबाने प्रवाह सोडतो. यू, व्ही, डब्ल्यू या तीन तारा सहा प्रकारे जोडता येतात. त्यांतला एकच प्रकार बरोबर. दोन प्रकारांत क्रम तोच राहतो, पण सगळे एक घर सरकते, म्हणजे १२० अंश. मग टॉर्क निम्मा आणि तोही उलटा मिळतो. ड्राइव्ह चूक सुधारायला जोर लावतो, तशी चूक वाढते आणि टेबल पळते. उरलेल्या तिन्हींत क्रमच उलटतो. मोटर एका जागी अडकते आणि घुमत राहते. पत्रातली दोन्ही लक्षणे याच क्रमाने आली आहेत. एन्कोडरच्या तारा उलट्या पडल्या तरी मोटर अशीच अडकते, म्हणून आधी एन्कोडर तपासायचा.

मेन सप्लाय बंद, फक्त कंट्रोलचा २४ व्होल्ट चालू. कपलिंग सोडा. उभ्या अक्षाची मोटर असेल तर आधी भाराला आधार द्या, मगच कपलिंगला किंवा ब्रेकला हात लावा. शाफ्टवर खूण करा, हाताने फिरवा आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवर पोझिशनचा आकडा बघा. २५०० रेषांचा एन्कोडर एका फेऱ्यात १०,००० मोजतो. दहा फेरे पुढे, दहा मागे. खूण जागेवर आली की आकडाही जागेवर यायला हवा. आकडा एकानेच पुढेमागे होत असेल तर ए किंवा बी यांपैकी एक चॅनेल मेलेला आहे. मोजणी उलटी असेल तर ए आणि ए-बार यांची, नाहीतर ए आणि बी जोड्यांची अदलाबदल झाली आहे. ती तारेतच सुधारावी, पॅरामीटरने झाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वात फसवी चूक म्हणजे जोडीतली एकच तार तुटणे. हाताने फिरवताना आकडे नीट येऊ शकतात. मोटरमध्ये प्रवाह सुरू झाला की गोंगाटात मोजणी भरकटते. म्हणून दोन्ही कनेक्टर काढून प्रत्येक तार मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत बघा. सप्लाय मात्र कनेक्टर परत लावून एन्कोडरच्या टोकाला मोजा. ०.१४ चौरस मिलिमीटरची तार २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ५ ओहम होतात. एन्कोडर २०० मिलिअँपिअर घेत असेल तर ५ व्होल्टमधला १ व्होल्ट वाटेतच जातो.

आता फेजचा क्रम. मोटरच्या तारा ड्राइव्हपासून सोडा. करंट लिमिट असलेल्या डीसी सप्लायचा प्लस यू-ला, मायनस व्ही आणि डब्ल्यू एकत्र करून त्यांना. प्रवाह थोडाच ठेवा. शाफ्ट एका जागी धरला जाईल. मग प्लस व्ही-ला, मग डब्ल्यू-ला, आणि उरलेल्या दोन मायनसला. आठ पोलच्या मोटरमध्ये दर पायरीला आकडा सुमारे ८३३ ने वाढला तर क्रम बरोबर. घटला तर फेज उलट्या. एवढ्याने घर सरकलेले कळत नाही, ते ड्राइव्हच्या फेज शोधण्याच्या सोयीने किंवा हॉल सेन्सरवरून जुळवावे लागते.

हे सगळे आकडे आणि तारांचे रंग कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी ड्राइव्ह बदलणाऱ्याला ते लागतील.