भाकरी ताटात आली की मगच सुई

हिरकणीवाडीच्या रोपवेने गडावर जा किंवा पायऱ्या चढा, पण झटपट काम करणारं इन्सुलिन घेत असाल तर आधी हे वाचा. लिस्प्रो, अस्पार्ट ही इन्सुलिनं 10-15 मिनिटांत काम सुरू करतात, एक-दोन तासांत जोर धरतात. म्हणून नाचणीची भाकरी ताटात वाढल्यावरच सुई टोचायची. ‘शेतावरून येऊन जेवते’ म्हणत आधी टोचून घेणं धोक्याचं, रक्तातली साखर उतरते.

सर्वांत घातक चूक सिरिंजची. लाल टोपणाची मिलीलिटरला 40 युनिट असलेल्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची 100 च्या. 100 च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात 25 युनिट जातात! बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचा.

चढणीने साखर आणखी उतरते. गड चढण्याआधी डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारा; मांडीत टोचू नका. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. साखरेची पुडी कनवटीला असू द्या.