गायतोंडेंचे कोटी कुणाचे?

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या लिलावगृहाचा भारतातला पहिला लिलाव झाला. वासुदेव गायतोंडे यांच्या १९७९ सालच्या बिननावाच्या तैलचित्राला साडेसहा ते साडेआठ कोटी येतील, असा अंदाज होता. ते गेलं २३ कोटी ७० लाखांना. २०२१ मध्ये त्यांच्या दुसऱ्या एका चित्राला ३९ कोटी ९८ लाख आले, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एकाला ६७ कोटी ८ लाख. आपल्या वर्तमानपत्रांना गिरगावात वाढलेला हा जे. जे. कला महाविद्यालयाचा विद्यार्थी आठवतो, तो बहुधा अशा लिलावाच्या दुसऱ्या दिवशी.

"एवढं आहे तरी काय त्यात?" हा प्रश्न रास्तच आहे. ना माणूस, ना झाड, ना गोष्ट. पण मूळ चित्रासमोर जरा वेळ उभं राहावं. गायतोंडे रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने खरवडत, कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवत किंवा उचलून घेत. मग खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसू लागतो आणि उजेड कॅनव्हासच्या आतूनच येतोय असं वाटतं. छापील चित्रात यातलं निम्मंही उतरत नाही. माझ्या लेखी ते थोर चित्रकार आहेत आणि चित्र पाच हजारांना गेलं असतं तरी थोरच राहिले असते.

कोटींचा हिशेब वेगळा. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला, त्यानंतर तर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंदच होते. म्हणजे बाजारात माल कमी. त्यात २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. अशा वेळी किंमत चढायला हट्टाला पेटलेले दोन श्रीमंत पुरतात. शिवाय जाहीर होणाऱ्या आकड्यात लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही धरलेलं असतं, हे बातमीत सहसा येत नाही.

किंमत वाढते ती चित्र बदलल्यामुळे नव्हे, हे कळायला चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' पाहा. १९५४ चं हे जवळजवळ चौदा फुटी चित्र एका डॉक्टरांनी नॉर्वेला नेलं, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि अनेक दशकं तिथेच राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कला त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. या सगळ्या काळात त्यावर ब्रशचा एक फटकाराही वाढला नव्हता.

त्यामुळे किमती अवाच्या सवा आहेत म्हणून मी गळा काढणार नाही. ज्याचे पैसे, त्याची हौस. खटकतं ते वेगळंच. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३ अ आलं. दहा हजारांवर पुनर्विक्री झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त दहा टक्के वाटा मिळू शकतो. ६७ कोटींवर हा वाटा सहा कोटींच्या पुढे जाऊ शकतो. पण हे कलम बव्हंशी कागदावरच राहिलं आहे, आणि पुनर्विक्रीचा पैसा विकणारा मालक आणि लिलावगृह यांच्यातच वाटला जातो.