विश्लेषण : जोडीदार स्कीइंगमध्ये नवखा आणि सावध, मुक्काम गुलमर्गला, औलीला की सोलंगला?

फेब्रुवारीत पाच-सहा दिवसांची रजा जुळवून बर्फात स्कीइंगला जाण्याचे बेत पुण्यातील आयटी क्षेत्रात दर हिवाळ्यात रंगतात. बहुतेक वेळा दोघांपैकी एकाला स्कीइंग येते आणि दुसऱ्याला जवळपास काहीच येत नाही. अशा वेळी ठिकाण कोणाच्या सोयीने ठरवायचे? इथे चूक झाली तर सहल तर बिघडतेच, गुडघाही दुखावतो आणि दुसऱ्यांदा जाण्याची इच्छाही उरत नाही.

नेमका प्रश्न काय?

समजा, मुळशी तालुक्यातील चांदे येथे राहणारे आणि हिंजवडीत नोकरी करणारे एक जोडपे आहे. ती प्रकल्पाच्या निमित्ताने दोन वर्षे म्युनिकला होती. शनिवार-रविवार ऑस्ट्रियाच्या डोंगरांत घालवून ती बऱ्यापैकी स्कीइंग शिकली. तो मनालीच्या सहलीत सोलंगला तासाभरासाठी भाड्याच्या स्कीवर उभा राहिला, तीनदा पडला आणि सुजलेला गुडघा घेऊन परतला. तिला अफरवटच्या शिखराखालचा ताजा बर्फ खुणावतो आहे. त्याचे म्हणणे एवढेच, ‘मला पुन्हा तसे पडायचे नाही.’

अशा वेळी साधारणपणे ‘भारतातील सर्वोत्तम स्कीइंग’ शोधून तिथले हॉटेल घेतले जाते. पण सर्वोत्तम म्हणजे कोणासाठी, हे त्या यादीत लिहिलेले नसते. ज्याला स्कीइंग येते तो लिफ्टने वर जाऊ शकतो, चार किलोमीटर दूरच्या उताराला जाऊन येऊ शकतो. नवखा मात्र जिथे उतरला तिथेच अडकतो. त्यामुळे मुक्कामाची जागा नवख्याच्या पहिल्या तीन सकाळींचा विचार करून ठरवावी. निष्णात जोडीदाराला त्यात फारसे काही गमवावे लागत नाही.

भीतीचा आणि उताराचा संबंध काय?

स्कीइंगमध्ये भीती ही केवळ मनाची गोष्ट राहत नाही. ती थेट शरीराच्या ठेवणीत उतरते. उतार पाहून घाबरलेला माणूस नकळत मागे झुकतो. वजन टाचांवर गेले की स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब कमी होतो आणि नेमक्या त्याच भागाने वळण घेता येते. परिणामी स्की वळत नाही, वेग वाढतो, माणूस आणखी मागे झुकतो. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली ठेवा, असे प्रशिक्षक सतत सांगतात ते यासाठीच.

हे चक्र तोडायला सौम्य उतार लागतो आणि त्याच्या शेवटी सपाट किंवा किंचित चढाची जागा लागते. अशा ठिकाणी काहीच जमले नाही तरी स्की आपोआप थांबते. ‘आपण थांबतो’ हा विश्वास बसला की शरीर पुढे येते आणि मग इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखी स्कीची टोके जवळ आणून वेग कमी करणेही जमू लागते. ज्या उताराच्या शेवटी रस्ता, झाडे किंवा गर्दी आहे, तो कितीही छोटा असला तरी नवख्यासाठी चांगला नाही.

सौम्य उतार म्हणजे किती सौम्य?

उत्तर अमेरिकेत सोप्या उतारांना हिरवा रंग असतो. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत सोपा उतार निळा, मध्यम लाल आणि कठीण काळा. तिथल्या मानकांनुसार निळा उतार, थोडे मोकळे टप्पे सोडल्यास, २५ टक्क्यांपेक्षा तीव्र नसतो आणि लाल ४० टक्क्यांपेक्षा. २५ टक्के म्हणजे आडव्या १०० मीटरमागे २५ मीटर खाली, अर्थात सुमारे १४ अंश. ४० टक्के म्हणजे जवळपास २२ अंश. ऐकायला किरकोळ वाटणारे हे आकडे पहिल्यांदा स्कीवर उभ्या असलेल्या माणसाला कड्यासारखे भासतात.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा रॅम्प आठवावा. दहा मीटर पुढे जाताना तो एक मीटर उतरत असेल, तर तो १० टक्के, म्हणजे सहा अंशांच्या आत झाला. पहिल्या दिवशी याहून फार तीव्र उतार नको. आपल्याकडे प्रत्येक उतारावर रंगांचे फलक असतील असे गृहीत धरू नये. मात्र फोन मदतीला येतो. स्कीची काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवून तिच्यावर फोन ठेवला, की कोन मोजणाऱ्या ॲपमध्ये अंश दिसतात.

गुलमर्ग : मुक्काम वर की खाली?

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे इथली हॉटेलची खोलीच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर उंच. येथील गोंडोला दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुमारे ३,०८० मीटरवर, तर दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटरवर.

नवख्यासाठी गुलमर्गचे खरे बळ खालच्या कुरणात आहे. गोंडोलाच्या पायथ्याजवळ सौम्य उतार आहेत, वर ओढून नेणाऱ्या लिफ्ट आहेत, भाड्याने साहित्य आणि प्रशिक्षक मिळतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही इथेच आहे. शिवाय स्कीइंग करायचे नसेल त्या दिवशीही पहिल्या टप्प्यापर्यंत गोंडोलाने जाऊन गोंडोलानेच खाली येता येते. तिकिटे आधीच ऑनलाइन काढून ठेवावीत. गर्दीच्या दिवसांत ती लवकर संपतात.

दुसऱ्या टप्प्याचे गणित वेगळे आहे. तिथे यंत्राने दाबून सपाट केलेला, राखलेला उतार मिळत नाही; तो मोकळ्या, खोल बर्फाचा प्रदेश आहे. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते आणि निष्णात मंडळींना हवे असतात तेही असेच उतार. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवट परिसरातील हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीअरचा मृत्यू झाला, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाच्या एका स्कीअरचा. त्यामुळे ‘एकदा वर चल, हळूहळू उतरू’ हा आग्रह प्रेमापोटी असला तरी धोक्याचा आहे. निष्णात जोडीदारानेही स्थानिक गाइड, हिमस्खलनाच्या दैनंदिन सूचना आणि शोधयंत्र यांशिवाय तिथे जाऊ नये.

आता मुक्काम. स्वस्त पडते म्हणून अनेक जण सुमारे १३ किलोमीटर खालच्या तंगमर्गला किंवा थेट श्रीनगरला राहतात. बर्फ पडल्यावर तंगमर्ग ते गुलमर्ग या रस्त्यावर चाकांना साखळ्या लावलेली वाहने लागतात आणि वेळेचा भरवसा राहत नाही. निष्णात माणूस एकदा पोहोचला की दिवसभर वरच असतो. नवखा मात्र दीड-दोन तासांत दमतो, त्याचे बूट रुततात, बोटे गारठतात. खोली चालत दहा मिनिटांवर असेल तर तो जेवून, तासभर पडून पुन्हा दुपारी उताराला येतो. खोली रस्त्याने तासभर दूर असेल तर त्याचा दिवस तिथेच संपतो. त्यामुळे गुलमर्ग निवडले तर मुक्काम गुलमर्गमध्येच, तोही गोंडोलाच्या पायथ्यापासून चालत जाता येईल असा हवा.

औली कोणासाठी?

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरदरम्यान आहेत आणि समोर ७,८१६ मीटरचे नंदादेवी शिखर आहे. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या. खालचे उतार वरच्या उतारांशी जोडणारी सुमारे ८०० मीटरची चेअरलिफ्ट आहे. गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे स्कीइंग वर्ग घेते. परिसर आटोपशीर असल्याने दोघे दिवसभर एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहतात. सावध माणसाला हा मोठा आधार असतो.

अडचण प्रवासाची. ऋषिकेशपासून जोशीमठ (आताचे ज्योतिर्मठ) सुमारे २५० किलोमीटर डोंगरी रस्त्याने गाठावे लागते. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या जमीन खचण्याच्या संकटात बंद झाला. जोशीमठला राहून रोज रस्त्याने ये-जा करण्यापेक्षा औलीतच राहणे बरे. पाच दिवसांच्या रजेत औली बसवले तर निम्मा वेळ गाडीत जातो. आठ-दहा दिवस असतील आणि ‘शिकायचेच’ ठरले असेल, तर मात्र औली गुलमर्गइतकाच, किंबहुना अधिक योग्य पर्याय ठरतो.

सोलंग सर्वात सोपे नाही का?

पोहोचायला सोपे, शिकायला तितकेसे नाही. मनालीपासून सोलंग १३-१४ किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून या रस्त्यावरची वर्दळ वाढली. बर्फात फोटो काढणारे, घसरगाडीवाले, स्नो-स्कूटर आणि तासाने स्की भाड्याने घेणारे असे सगळे एकाच उतारावर येतात. नवख्याला वळता येत नाही आणि समोरच्याला हटायचे कळत नाही. आपल्या जोडप्यातील ‘त्या’चा गुडघा तिथेच दुखावला, यात नवल नाही.

सोलंगला जायचेच असेल तर मनालीच्या मॉल रोडऐवजी सोलंगलाच राहावे आणि पर्यटकांच्या गाड्या येण्याआधी, सकाळी लवकर शिकवणीची वेळ घ्यावी. मनालीतील अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात रीतसर स्कीइंग वर्ग घेते. मात्र त्यासाठी हाताशी पुरेसे दिवस हवेत.

बर्फच पडला नाही तर?

ही शक्यता आता गृहीत धरावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग ऐन हंगामात कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मधील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही पुरेशा बर्फाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. त्यामुळे डिसेंबरअखेरच्या सुट्टीपेक्षा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ निवडावा आणि तारीख बदलता येईल असेच बुकिंग करावे.

काश्मीरबाबत सुरक्षेचा प्रश्नही आहे. २२ एप्रिल २०२५ रोजीच्या पहलगाम हल्ल्यात बळी पडलेल्यांत पुण्याचे पर्यटकही होते. त्यानंतर खोऱ्यातील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवून टप्प्याटप्प्याने उघडण्यात आली. बुकिंगपूर्वी आणि निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना तपासाव्यात. जोडीदाराला या कारणाने जायचे नसेल, तर ती त्याची ‘उगाच भीती’ म्हणून उडवून लावण्यासारखी बाब नाही.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

प्रशिक्षक : नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला गाडी शिकवायला घेतली की काय होते, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. बर्फावरही तेच होते. पहिले तीन दिवस सकाळी दोन तास स्वतंत्र प्रशिक्षक घ्यावा आणि तेवढा वेळ जोडीदाराने दुसऱ्या उतारावर जावे.

बाइंडिंग : पडताना बूट स्कीपासून सुटला नाही तर पीळ गुडघ्याला बसतो. किती जोर पडल्यावर बूट सुटावा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि अनुभव यांवरून ठरवतात. भाड्याने स्की घेताना वजन कमी सांगू नये आणि अनुभव वाढवून सांगू नये. हेल्मेट घ्यावेच.

उंची : पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो. पोहोचल्याच्या दिवशी स्की पायात घालू नये.

विमा : अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीत स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे.

फोन : इतर राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. दोघे वेगवेगळ्या उतारांवर असणार असतील तर दोघांकडेही पोस्टपेड जोडणी हवी आणि भेटण्याची वेळ व जागा सकाळीच ठरलेली असावी.

मग त्या जोडप्याने काय करावे?

पाच-सहा दिवस हातात असतील तर मुक्काम गुलमर्गमध्ये, पायथ्याच्या कुरणापासून चालण्याच्या अंतरावर. पहिला दिवस विश्रांतीचा. पुढचे तीन दिवस सकाळी तो कुरणात प्रशिक्षकासोबत. ती पहिल्या टप्प्याच्या उतारांवर किंवा गाइड घेऊन आणखी वर. दुपारी दोघे एकत्र, त्याच्या उतारावर. पाचव्या दिवशी दोघांनी गोंडोलाने कोंगडोरीला जावे. तिथून स्कीवर उतरायचे की गोंडोलाने, हे त्याने वर पोहोचल्यावर ठरवावे आणि त्याने गोंडोला निवडला तर तिने त्याच्यासोबत त्याच डब्यात बसावे.

सावध माणसाला परतीची वाट दिसत असेल तर तो एक पाऊल पुढे टाकायला सहसा तयार होतो. मुक्काम निवडताना शिखराच्या उंचीआधी ही वाट पाहिली, तर पुढच्या फेब्रुवारीतील रजेचा विषय कदाचित तोच काढेल.