यवतमाळात बर्फ पडत नाही, मग कॅमेऱ्यातला ‘स्नो मोड’ काय कामाचा?

इन्स्टाग्रामवर जुन्या डिजिकॅमचे फोटो पुन्हा दिसू लागलेत. कपाटात पडलेला आई-बाबांचा छोटा कॅमेरा चार्ज केला, की त्याच्या डायलवर किंवा मेन्यूत स्नो, स्पोर्ट्स, नाइट पोर्ट्रेट असे ‘सीन मोड’ सापडतात. बहुतेक जण तिकडे न बघता ऑटोवरच फोटो काढतात. पण या मोडची नावं जागेची किंवा प्रसंगाची असली, तरी कॅमेरा त्यातून मुख्यतः उजेडाचं गणित बदलतो.

कापसाचंच बघा. दिवाळीच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यात शेतात, जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग लागतात. ऑटोवर फोटो काढला, की कापूस मळकट, करडा येतो. ढिगापुढे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तर काळवंडूनच जातो. असं का? समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाइतकं उजळ असणार, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. फ्रेमभर पांढरा रंग आला, की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो गडद करतं. स्नो किंवा बीच मोड हीच चूक ओळखून एक्सपोजर वाढवतो. सोय बर्फासाठी केलेली, पण पांढऱ्या सोन्यालाही तितकीच चालते. व्हॉट्सॲपवर कापूस दाखवून भाव विचारणाऱ्यांनी तर ती वापरावीच. अर्थात शेवटी भाव ठरतो तो प्रत आणि ओलावा बघूनच.

यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा. तिथे ऑटोवर फ्लॅश पडतो, चेहरे पांढरेफटक येतात आणि मागची रोषणाई काळोखात जाते. नाइट पोर्ट्रेटमध्ये फ्लॅश चेहरा उजळतो, पण शटर त्यानंतरही काही क्षण उघडं राहून मागचे दिवे टिपतं. गडबड इथेच होते: फ्लॅश चमकला, की लोक हलतात आणि फोटो फिसकटतो. ‘अजून थांबा’ असं आधीच सांगावं. कॅमेरा कठड्यावर टेकवला तर उत्तम.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात मात्र स्पोर्ट्स मोड. शटर वेगवान होतं, त्यामुळे धावतं हरीण पुसट येत नाही. पहाटे उजेड कमी असल्याने आयएसओ वाढतो आणि फोटोत दाणे दिसतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. फ्लॅश बंदच ठेवा. तो जेमतेम काही मीटर पोहोचतो, आणि प्राण्यांना त्रास होतो तो वेगळाच.

एक लक्षात ठेवा: अनेक कॅमेऱ्यांत बंद केल्यावरही मोड तसाच राहतो. शेतातून आल्यावर स्नो काढला नाही, तर घरातले सगळे फोटो फटफटीत येतील.